‘सगळे स्टॅण्डर्ड’ म्हणून घेतलेले २४ पियानो रोल : पाचपैकी दोन तारे

पियानो रोल म्हणजे आपोआप वाजणाऱ्या पियानोला लावायच्या, भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या. चोवीस रोलांच्या खोक्यातले नऊच कामाचे निघाले. तेही दोन फाटके धरून. किंमत ६५ डॉलर, पाठवणावळ २८ डॉलर. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. माणूस लबाड नव्हता, अडाणी होता, आणि ते खोकं उघडेपर्यंत मीही तेवढीच अडाणी होते.

आधी पियानोचं सांगते. आम्ही बफेलोत, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला राहतो. तीन वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा आधीच्या बाईंनी जाताना विचारलं, हा पियानो इथेच राहू दिला तर चालेल का? त्यांना तो हलवायचा खर्च नको होता. आम्हाला वाटलं, साधा उभा पियानो आहे, मुलगी शिकेल. मग एकदा पुसताना मधली सरकती फळी बाजूला झाली आणि आत एक पितळी पट्टी दिसली, भोकाभोकांची. खाली पाहिलं तर नेहमीच्या पेडलांच्या वर एक छोटं दार, आणि दारामागे दुमडून ठेवलेली दोन मोठी पेडलं. शिकागोच्या गुलब्रान्सन कंपनीचा प्लेअर पियानो, म्हणजे आपोआप वाजणारा. या कंपनीचं बोधचिन्ह म्हणजे रांगत आलेलं एक बाळ, हाताने पेडल दाबतंय. इतका हलका चालतो, असं त्यांना म्हणायचं होतं. माझा नवरा दहा मिनिटं पाय मारून घामाघूम झाला. दुरुस्तीवाल्या आजोबांनी येऊन आतल्या जुन्या रबरी नळ्या बदलल्या, भात्यांना नवं कापड चढवलं, आणि त्यानंतर बाळाचं म्हणणं थोडंफार पटलं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : भोकं पाडलेल्या कागदाची लांबलचक गुंडाळी त्या पितळी पट्टीवरून सरकते. पट्टीला प्रत्येक स्वरासाठी एक छिद्र असतं. पायाने पेडल मारलं की आतली हवा ओढली जाते. आपली पेटी नेमकी याच्या उलट, तिचा भाता हवा रीडांतून बाहेर ढकलतो. कागदाचं भोक पट्टीच्या छिद्रावर आलं की बाहेरची हवा त्या नळीत शिरते, एक चामड्याची चकती उचलली जाते, झडप उघडते, त्या स्वराचा चिमुकला भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आपोआप खाली-वर होतात. पहिल्यांदा पाहणारा पाहुणा एक पाऊल मागे सरतोच.

मला धक्का बसला नाही. मी सोलापूरची. अण्णा जॉबर, म्हणजे माग सांभाळणारे होते, आणि चादरीच्या मागावर जकार्डची भोकं पाडलेली कार्डं एकामागून एक फिरताना बघतच मी मोठी झाले. कार्डात भोक असेल तर सुई आत जाते, हूक उचलला जातो, दोरा वर येतो. भोक नसेल तर नाही. फ्रान्समधल्या ल्यों गावच्या जकार्डने १८०४ च्या सुमारास बांधलेली हीच युक्ती. धाकट्या भावाला व्हिडिओ पाठवला तर त्याचा फोन आला, “अक्का, हा तर माग आहे की. चादर कुठून निघती?”

म्हणूनच जास्त लाज वाटते. २४० हुकांची कार्डं १२० हुकांच्या जकार्डवर चढवायला कोणी आलं असतं तर अण्णांनी त्याला दारातून परत पाठवलं असतं. आणि मी मात्र ‘प्लेअर पियानो रोल, २४ नग, सगळे स्टॅण्डर्ड, सुंदर अवस्था’ एवढं वाचून पैसे भरून मोकळी झाले.

खोकं आलं. बांधणी उत्तम, त्याचा एक तारा आधीच देऊन टाकते. प्रत्येक रोल आपल्या पुठ्ठ्याच्या डबीत, डब्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि ओल लागू नये म्हणून वरून प्लास्टिक. वास मात्र जुन्या ग्रंथालयाचा.

पहिला रोल घेतला, बसेना. पियानोतल्या खणात एका बाजूला स्प्रिंगची खुंटी आहे, दुसऱ्या बाजूला फिरवणारी चपटी जीभ. रोलाच्या टोकांना खळगे हवेत, म्हणजे खुंटी आणि जीभ त्यांत बसतात. या रोलाच्या टोकांतून उलट खिळ्यासारखे दांडे बाहेर आलेले. दोन्हीकडून बाहेर आलेलं, बसणार कसं? असे नऊ निघाले. हे ६५ स्वरांचे रोल.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण सगळा घोळ तिथलाच आहे. एडविन व्होटीने १८९५ च्या आसपास डेट्रॉइटमध्ये ‘पियानोला’ नावाचं यंत्र बनवलं तेव्हा ते पियानोच्या आत नव्हतं. एक कपाट पियानोसमोर ढकलून न्यायचं, त्याच्या लाकडी बोटांनी पियानोच्या पट्ट्या दाबल्या जायच्या. त्या काळात ६५ स्वर पुरेसे वाटले. पुढे यंत्र पियानोच्या पोटात गेलं, कंपन्या वाढल्या, आणि जो तो आपल्या मापाचा कागद काढू लागला. शेवटी डिसेंबर १९०८ मध्ये कारखानदार एकत्र बसले आणि ठरवलं : कागद सव्वाअकरा इंच रुंद, पूर्ण ८८ स्वर, इंचाला ९ छिद्रं. ही बैठक भरली होती बफेलोत. माझ्या गावात! जिथे हा गोंधळ मिटवला, त्याच गावात बसून मी शंभराहून जास्त वर्षांनी तोच गोंधळ पोस्टाने मागवला.

फसगत होते ती रुंदीमुळे. ६५ स्वरांचा कागदही सव्वाअकरा इंचच आहे. फक्त त्यात इंचाला ६ छिद्रं असतात. विक्रेत्याने टेप लावून रुंदी मोजली असावी, सारखी आली, लिहून टाकलं ‘स्टॅण्डर्ड’. मी तक्रार केली तेव्हा त्याचं उत्तर होतं, रोल म्हणजे रोल.

आता माझा आगाऊपणा. खुंटी बसत नाही ना, मग कागदच दुसऱ्या रिळावर घेऊ, असा विचार केला. एका फाटक्या ८८ स्वरी रोलाचं रीळ मोकळं केलं आणि ६५ स्वरांचा एक कागद हाताने त्यावर गुंडाळला. आजी सुताची कांडी भरायची तशी, एक टोक मुलीच्या हातात देऊन. दीड तास गेला. लावला, पाय मारला. जे ऐकू आलं ते दोन वराती एकाच बोळात समोरासमोर आल्यासारखं होतं.

पण कान देऊन ऐकल्यावर त्यात हिशेब सापडला, आणि हा भाग मला फार आवडला. इंचाला ६ आणि इंचाला ९, म्हणजे कागदावरचं दोन घरांचं अंतर (एक घर म्हणजे एका छिद्राचं, लगतच्या स्वराचं अंतर) पट्टीवर तीन घरांचं होतं. सगळी मध्यंतरं दीडपट ताणली जातात. सा-रे हे दोन घरांचं अंतर, ते तीन झालं, म्हणजे रे च्या जागी कोमल गंधार. सा-ग चार घरं, त्याची सहा झाली, गंधाराचा तीव्र मध्यम झाला. पंचम सात घरांवर, त्याची झाली साडेदहा. आता साडेदहावं घर कुठून आणायचं? ते भोक दोन्ही निषादांच्या मधोमध आलं. ६५ च्या कागदाची भोकं मोठी असतात, त्यामुळे एकाच पंचमाचे कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद एकदम वाजले. आणि वरचा षड्ज पोचला तार सप्तकातल्या तीव्र मध्यमावर. लय मात्र अगदी शाबूत. मुलगी म्हणाली, “आई, हे रेकॉर्ड करून ठेव.” केलंय. दुसऱ्यांदा ऐकवत नाही.

नऊ गेले. मग एक निघाला लालसर कागदाचा, खणात मावेचना. मोजला तर तेरा इंचाला जेमतेम कमी. हा वेल्टे-मिन्यों. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने १९०४ मध्ये असा पियानो काढला की वादकाने वाजवलेल्या सुरांबरोबर त्याचा हलका-जड हातही कागदावर उतरायचा. देब्युसीसारख्या फ्रेंच संगीतकाराने स्वतः त्यासाठी वाजवलं. लाल कागद फक्त त्यांच्याच यंत्राला चालतो. ‘सगळे स्टॅण्डर्ड’मध्ये तो कसा आला हे विक्रेत्याने टेप लावलाच होता का, यावर अवलंबून.

त्यानंतरचे पाच सगळ्यात फसवे, कारण ते बसतात आणि वाजतातही. डबीवर ‘ड्युओ-आर्ट’ लिहिलेलं, त्यातल्या एकावर पादेरेव्स्कीचं नाव. पोलंडचा तो प्रख्यात पियानोवादक, १९१९ मध्ये देशाचा पंतप्रधानही झाला. माझ्या दिवाणखान्यात पादेरेव्स्की! चहा बाजूला ठेवून पाय मारायला बसले. सुरुवात सुरेख. आणि मग खर्जाच्या अगदी टोकाला ठण्ण, ठण्ण, लगेच तारेच्या टोकाला टिक-टिक. गाण्याशी काही संबंध नाही. घरात कुणी पातेली आपटतंय असं वाटून नवरा स्वयंपाकघरात बघून आला.

कारण समजलं ते दुरुस्तीवाल्या आजोबांकडून. ड्युओ-आर्ट हे एओलियन कंपनीचं वेल्टेला उत्तर. त्या रोलांत दोन्ही कडांची काही भोकं सुरांसाठी नसतातच. डावीकडची चार साथीचा जोर सांगतात, उजवीकडची चार मुख्य धूनचा. चार भोकांची वजनं १, २, ४, ८. कोणती उघडी त्यांची बेरीज करायची, म्हणजे शून्य ते पंधरा असे सोळा पायऱ्यांचे हलके-जड हात मिळतात. ड्युओ-आर्ट पियानोला ही भाषा कळते. माझ्या गुलब्रान्सनला वाटतं, भोक आहे ना, मग हा सूरच असणार. ‘इथे जरा जोर दे’ या सूचनेचा तो सरळ सर्वांत खालचा स्वर ठोकतो. अँपिको या तिसऱ्या कंपनीच्या रोलांचीही हीच कथा. त्यांच्याकडे रशियन पियानोवादक रखमानिनोव्ह होता.

उपाय आहे. पितळी पट्टीवरच्या टोकाच्या छिद्रांवर सहज निघेल अशी टेप लावायची. मी लावली, ठणठण थांबली. तरी समाधान झालं नाही. पादेरेव्स्कीचे सूर आहेत, पण त्याचा हात त्या झाकलेल्या भोकांत राहिला. लावणी कुणीतरी पेपरातल्या बातमीसारखी वाचून दाखवावी तसं. हलकं-जड आपल्या पायाने करायचं म्हटलं तर पादेरेव्स्कीने ते कुठे केलं होतं हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि त्याच्या मुक्त लयीत माझा पाय अडखळतो.

उरलेले नऊ मात्र, दोन फाटके सोडले तर, खणखणीत. साधे, हाताने बेतलेले, ८८ स्वरी. यांची डबी ओळखायची सोपी खूण : बहुतेकांवर क्यू आर एस कंपनीचं नाव, आणि कागदाच्या कडेला गाण्याचे शब्द छापलेले. कागद वरून खाली सरकतो म्हणून शब्द खालून वर वाचावे लागतात. मेल्व्हिल क्लार्कची ही कंपनी १९०० सालची. बफेलोत नायगरा स्ट्रीटवर तिचा कारखाना होता, मी रोज कामावर जाताना त्या रस्त्याने जाते. २००८ च्या अखेरीस इथलं रोलांचं काम काही काळ थांबलं होतं. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून जास्त प्लेअर पियानो होते, म्हणून तर अजूनही गॅरेजांतून असे रोल निघत राहतात. पुढे रेडिओ घरोघरी पोचला आणि हे मागे पडलं.

या साध्या रोलांवर लोक नाक मुरडतात. कुण्या मोठ्या वादकाचा हात नाही, यांत्रिक आहेत, वगैरे. माझं मत उलटं झालंय. ज्याच्या पियानोला फक्त पायाची पेडलं आहेत त्याने हेच घ्यावेत. हे कागद बनवतानाच गृहीत धरलंय की जीव पाय मारणारा घालेल. पेडल ताकदीने मारलं की जोर, हलकं मारलं की मऊ, लयीची दांडी डावी-उजवी केली की ओळीच्या शेवटी श्वास. डबीवर ‘टेम्पो ७०’ लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला सात फूट कागद. ८० म्हणजे आठ फूट. मी आधी दांडी अंदाजाने लावायची आणि सगळं वेडिंग बँडसारखं पळायचं. आकडा पाहून लावायला लागल्यावर शेजारच्या आजी दारात येऊन शब्द म्हणू लागल्या.

दोन फाटक्यांचं : कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. शंभरीला आलेला कागद, आम्ल धरलेला. ग्रंथालयात पानं जोडायला वापरतात ती पातळ पट्टी लावून एक वाचवला. एकावर आधीच्या मालकाने साधी चिकटपट्टी मारलेली, ती पिवळी पडून कडक झाली होती आणि प्रत्येक फेरीत कागद नव्याने चिरत होती. त्याचंच रीळ वरच्या प्रयोगात गेलं. चिकटपट्टी मारणाऱ्याला माझा शाप आहे. कागद हवेप्रमाणे फुगतो-आकसतो हेही लक्षात ठेवावं लागतं. इंचाला ९ छिद्रं, म्हणजे दोन छिद्रांत तीन मिलिमीटरही अंतर नाही. कागद त्याच्या निम्म्याने जरी सरकला तरी शेजारचा स्वर बोलू लागतो. बफेलोच्या हिवाळ्यात हीटर चालू असताना आणि ऑगस्टच्या दमट हवेत एकच रोल वेगवेगळा वागतो. खणात कागद मधे ठेवणारी यंत्रणा असते, पण तिला मदत लागतेच.

विक्रेत्याशी झालेला व्यवहार : पहिल्या पत्राला ‘रोल म्हणजे रोल’. दुसऱ्या पत्रात मी टोकांचे आणि कागदाचे फोटो मोजपट्टी लावून पाठवले. तिसऱ्या दिवशी त्याने २० डॉलर परत केले आणि लिहिलं की हे त्याला खरंच माहीत नव्हतं, आजोबांच्या घरातून निघालेला माल होता. त्याने जाहिरातही बदलली. आता तो टोकांचे फोटो टाकतो. दुसरा तारा त्याबद्दल.

६५ स्वरांचे नऊ रोल वाया गेले नाहीत. दीड तासाच्या अंतरावर एका निवृत्त शाळामास्तरांकडे तो जुना ढकलायचा ‘पियानोला’ अजून चालू आहे. त्यांनी माझे नऊ घेतले आणि सहा ८८ स्वरी दिले, शिवाय घरचा ॲपल पाय खाऊ घातला. ज्या कागदाने माझ्याकडे दोन्ही निषाद एकदम वाजवले तो त्यांच्या यंत्रावर एक साधंसुधं संथ वॉल्ट्झ निघाला. पंचम जागच्या जागी. त्यांच्याकडूनच कळलं की १९०८ नंतरच्या काही वर्षांत दोन्ही जातींचे रोल घेणारे पियानोही निघाले होते, आत दोन्ही मापांची छिद्रं आणि एक कळ. तेव्हा तुमच्याकडे यंत्र असेल तर आधी खणात डोकावून छिद्रं मोजा, मग डबीकडे बघा. मी उलट केलं.

आता मी विक्रेत्याला चार गोष्टी विचारल्याशिवाय पैसे भरत नाही. टोकाला खळगा आहे की दांडा बाहेर आलाय, फोटो पाठवा. कागदावर मोजपट्टी ठेवा आणि सगळ्यात जवळच्या दोन ओळींतल्या भोकांचं अंतर दाखवा, तीन मिलिमीटरच्या आत की चारच्या वर. डबीवरचं पूर्ण लेबल. आणि सुरुवातीच्या दोन फुटांच्या कडा. कडेला दोन-दोन बारीक भोकांच्या जोड्या दिसल्या तर घाबरायचं नाही. त्याला सापाचा चावा म्हणतात, धून उठावदार करायची ती सोय. माझ्या पियानोला ती वाचता येत नाही, पण त्याने काही बिघडतही नाही. निम्मे विक्रेते चिडतात. एकाने लिहिलं, बाई, दहा डॉलरचा कागद आहे. आहेच. पण कार्ड चढवण्याआधी हूक मोजायचे असतात.

ड्युओ-आर्टचे पाच मी ठेवलेत, पादेरेव्स्कीसह. टेप लावून महिन्यातून एकदा ऐकते. लाल वेल्टे मात्र कपाटावर पडून आहे. अखंड आहे, कडा चांगल्या आहेत, डबीचं झाकण तेवढं सुटलंय. ज्यांच्याकडे लाल कागदाचं चालू यंत्र असेल त्यांनी पाठवणावळ भरून घेऊन जावा. टोकाचा फोटो मागा, पाठवते.